लीन व्हावे कोणी?

आपल्या मराठीत ‘लीन’ हा शब्द मोठा सोज्ज्वळ आहे. देवापुढे लीन व्हावे, वडीलधाऱ्यांशी लीनपणे वागावे, विद्या आली की माणसाने अधिकच लीन व्हावे, असे ऐकत ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. त्यामुळे २००३ साली आमच्या कारखान्याच्या फाटकावर ‘चला, लीन होऊ या!’ असा दहा फूट लांबीचा फलक झळकला, तेव्हा पहिल्या पाळीच्या मंडळींना वाटले, साहेब लोकांनी यंदा नामसप्ताहच बसवलेला दिसतो! एका मिस्कील फिटरने तर वेळ न दवडता चौकशी केली, “महाप्रसाद कितीला आहे?”

प्रसाद मिळाला, पण तो मागाहून. त्याचीच हकीकत सांगायची आहे.

कारखाना पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातला. नाव सांगत नाही. त्याचे अन्न खाल्ले आहे. मोटारगाड्यांना लागणारे दांडे, दातेरी चाके आणि असलेच लोखंडी भाग आम्ही बनवीत असू. १९८५ साली हातात डिप्लोमा घेऊन मी तेथे चिकटलो आणि २०२१ साली शाल-श्रीफळ घेऊन बाहेर पडलो. छत्तीस वर्षांत साहेब बदलले, यंत्रे बदलली, कँटीनमधल्या आमटीची चव तेवढी बदलली नाही. परंतु या साऱ्या वर्षांत माणसांची खरी पारख मला कोणी करून दिली असेल, तर ती या ‘लीन’ प्रकरणाने.

हा ‘लीन’ अर्थातच इंग्रजीतला. सडपातळ, अंगावर फाजील चरबी नसलेला, असा त्याचा अर्थ. जपानच्या टोयोटा कंपनीच्या कामाच्या पद्धतीला १९८८ साली जॉन क्राफचिक नावाच्या अमेरिकन तरुणाने हे विशेषण लावले, आणि १९९० साली ‘द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’ या पुस्तकाने ते जगभर नेले. ही पद्धत घडवणारे मुख्य गृहस्थ म्हणजे ताइइची ओनो. कारखान्यात वाया जाण्याचे सात प्रकार त्यांनी सांगितले: गरजेपेक्षा जास्त माल बनवणे, वाट पाहत उभे राहणे, माल उगाच इकडून तिकडे नेणे, नको ती प्रक्रिया करणे, साठा करून ठेवणे, हातापायांची नाहक ओढाताण आणि बिघडलेला माल. या वाया जाण्याला जपानी भाषेत ‘मुदा’ म्हणतात. शिकवायला आलेल्या सल्लागारांनी हा शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा मागून आवाज आला, “भाताची मूद माहीत आहे साहेब, ही मुदा कोठली?”

घरच्या मंडळींना यात नवे काही वाटणार नाही. चौघांसाठी आठ जणांचा भात लावणे ही पहिली मुदा. पोळ्या तयार आणि भाजी शिजायची आहे म्हणून ताटावर बसून राहणे ही दुसरी. मिठाची बरणी एका टोकाला आणि गॅस दुसऱ्या टोकाला असला, की गृहिणीच्या पायांची होते ती आणखी एक. राहिलेल्या भाताला दुसऱ्या दिवशी फोडणी द्यावी लागते, तो आमच्या भाषेत दुरुस्ती विभाग! आमच्या घरी हे सारे मी मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा सौ. शांतपणे म्हणाल्या, “हे शिकायला जपानला जावं लागलं होय तुमच्या साहेबांना?”

तेव्हा पद्धत काही अवघड नाही. सल्लागारांनी ती पाच दिवसांत शिकवली, आणि पाच दिवसांत आम्हाला समजलीही. अवघड जे आहे ते निराळेच आहे. ते मला आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात फार लवकर दिसले. तेथले चिरंजीव बंगळुरात एका मोठ्या कंपनीत आहेत. ते दिवाळीच्या सुटीत आले आणि आईचे कष्ट वाचावेत म्हणून दोन दिवस खपून त्यांनी स्वयंपाकघराची नवी मांडणी केली. वर्षात न वापरलेली भांडी माळ्यावर टाकली, रोजचे डबे हाताशी आणले, प्रत्येक डब्यावर सुबक अक्षरात चिठ्ठी लावली. अगदी पुस्तकात सांगितले आहे तसे! आईने कौतुक केले, शेजारणींना बोलावून दाखवले, चिरंजीवांना चकल्या बांधून दिल्या. त्यांची गाडी स्टेशनातून सुटली त्याच संध्याकाळी सारे डबे पूर्वीच्या जागी गेले. मी विचारले, “वहिनी, मांडणी वाईट होती का हो?” त्या म्हणाल्या, “छे! चांगलीच होती. पण भावोजी, तीस वर्षं या ओट्याशी मी उभी आहे. एका शब्दानं मला विचारलं का त्यानं?”

मोठमोठ्या कारखान्यांत कोट्यवधी रुपये ज्या खडकावर आपटून फुटतात, तो खडक हाच. आमच्याकडेही तो होता. फक्त त्याच्यावर पोटाचा प्रश्न बसलेला होता.

त्या पाच दिवसांच्या शिबिरात सल्लागारांनी आमच्या विभागातली एक लाइन निवडली. यंत्रे सरळ रांगेत होती, ती नालाच्या आकारात बसवली. माल ठेवायच्या लोखंडी जाळ्या हलवल्या, चालण्याचे अंतर मोजले, घड्याळ लावले. नऊ माणसे करीत होती ते काम शनिवारी सहा माणसे करू लागली. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, थोरल्या साहेबांनी पेढे वाटले. हाच तो महाप्रसाद! उरलेल्या तिघांचे काय, हा प्रश्न शनिवारी कोणी विचारला नाही. सोमवारी ते तिघे स्टोअरच्या बाहेरच्या बाकावर बसलेले दिसले. महिनाभर ते तेथेच बसत. येणारा-जाणारा त्यांच्याकडे पाही आणि ते जमिनीकडे पाहत. मग स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. त्यातली ‘स्वेच्छा’ कोणाची होती, हे साऱ्या शॉपला ठाऊक होते.

त्याच लाइनवर एक जुने कामगार होते. वय पंचेचाळीसच्या आसपास. सगळे त्यांना मामा म्हणत. यंत्राशी त्यांचे नाते काही और होते. भोक पाडणारे त्यांचे मशीन जरा वेगळे कण्हले, तरी आकडे दाखवणाऱ्या उपकरणाच्या आधी त्यांना कळे. त्यांचे आजोबा कोकणातून मुंबईला आले आणि गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर लागले. वडीलही तेथेच. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा वडील त्यात होते. तो संप कधी संपला हे कोणीच सांगू शकत नाही. वडिलांची नोकरी मात्र संपली. मामा पुढच्याच वर्षी पिंपरीला आले.

त्यांच्या घरात दुसऱ्या एका संपाची गोष्टही जिवंत होती. १९२८ सालची. गिरणीमालकांनी तेव्हा ‘रॅशनलायझेशन’ नावाची योजना आणली होती. कातणाऱ्याने साच्याची एक बाजू सांभाळायची त्याऐवजी दोन सांभाळाव्या, विणणाऱ्याने दोन मागांऐवजी तीन चालवावे, असा तिचा सरळ अर्थ. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने बाहेर राहिले. शब्द बदलतात, नातवाच्या कानावर ‘लीन’ हा शब्द पडला, तेव्हा त्याला आजोबांचा तिसरा माग आठवला. यात नवल ते काय?

त्या तिघांचे कागद झाल्यानंतर एक दिवस मी मामांजवळ उभा होतो. “मामा, सूचनेच्या पेटीत तुमची एकही चिठ्ठी नाही. तुम्हाला तर इथलं सगळं दिसतं.”

मामांनी हात पुसले. म्हणाले, “साहेब, काय वाया जातंय ते मला माहीत आहे. पण ते दाखवलं, की पहिला मीच वाया जाणार ना?”

या एका वाक्यात सारे शास्त्र आले. वाया काय जाते हे यंत्रापाशी उभा असलेल्या माणसाला दिसते. ते साहेबांच्या काचेच्या खोलीतून दिसत नाही. आणि यंत्रापाशी उभा असलेला माणूस ते दाखवील केव्हा? दाखवल्यावर आपल्या पानातली पोळी जाणार नाही, अशी त्याची खात्री पटेल तेव्हा.

गंमत अशी, की ज्या देशातून ही पद्धत आली तेथे तिचा जन्मही मागाशेजारीच झाला आहे. टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिची तोयोदा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग तयार केला, तो सुताचा धागा तुटला की आपोआप थांबत असे. त्यामुळे खराब कापड निघत नसे, आणि मागाकडे डोळे लावून बसण्यातून माणूस सुटे. मग त्याला एकाच वेळी कितीतरी माग सांभाळता येत. तिकडे यंत्राला आधी थांबायला शिकवले आणि नंतर माणसाकडे जास्त माग दिले. आपल्याकडे त्याच दशकात माणसाला एकदम जास्त माग दिले! ‘थांबणे’ हा या विद्येचा श्रीगणेशा आहे, हे आपण त्या वेळी शिकलो नाही, आणि पुढेही फारसे शिकलो नाही.

बरे, टोयोटातले कामगार जन्मतःच आज्ञाधारक होते, असेही नाही. १९५० साली कंपनी बुडण्याच्या बेतात आली, माणसे कमी करण्याचे ठरले, आणि तेथे मोठा संप झाला. शेवटी दीड हजारांहून अधिक माणसे गेली. पण त्यांच्याबरोबर कंपनीचे संस्थापक-अध्यक्ष किइचिरो तोयोदा यांनीही राजीनामा दिला. माणसे घालवायची तर आधी धन्याने खुर्ची सोडावी, हा धडा त्या कंपनीला जन्मभर पुरला. उरलेल्यांच्या नोकरीची हमी हा पुढच्या साऱ्या घडणीचा पाया ठरला. ओनोंच्या युक्त्या त्या पायावर उभ्या आहेत. आमच्या सल्लागारांनी वरचे मजले तेवढे दाखवले.

आमच्या लाइनवर एक पिवळी दोरी टांगली होती. काही बिघडल्याची शंका आली तर कामगाराने ती ओढायची. लाल दिवा लागतो, लाइन थांबते, सुपरवायझर धावत येतो. टोयोटात अशा दोऱ्या दिवसातून कितीतरी वेळा ओढल्या जातात. आमची दोरी वर्षभर कोणी ओढली नाही. महिन्याच्या सभेत लाल दिवा एकदाही लागला नाही, हे अभिमानाने वाचून दाखवले जाई! घरात कोणीच कधी तक्रार करीत नाही म्हणून घर सुखी आहे असे समजणाऱ्या कर्त्या पुरुषासारखी ही गोष्ट. त्या घरात काय शिजते आहे हे शेजाऱ्यांना ठाऊक असते.

व्हायचे ते झाले. एका गिऱ्हाईक कंपनीकडून गाडीभर माल परत आला. भोके मापात नव्हती. मशिनच्या दांड्याचे बेअरिंग झिजले होते आणि भोक किंचित लंबगोल पडत होते. तपासात असे निघाले, की मशिनचा आवाज बदलल्याचे लाइनवरच्या तिघांना दोन दिवस आधीपासून माहीत होते. दोरी त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर लोंबत होती.

त्यानंतर वर्षभरातच थोरले साहेब बदलले. नवे आले ते बोलायला कमी. पहिले तीन महिने त्यांनी काहीच केले नाही. रोज सकाळी दोन तास शॉपमध्ये उभे राहत आणि दुपारी कँटीनमध्ये सगळ्यांच्या रांगेत ताट घेऊन बसत. मग त्यांनी आम्हा अधिकाऱ्यांनाही कामाला लावले. ओनो आपल्या माणसांना खडूने काढलेल्या वर्तुळात तासन्‌तास उभे करीत आणि ‘नुसते पाहा’ म्हणत, असे सांगतात. आमच्या साहेबांनी खडू आणला. एम.टेक. झालेले, परदेश पाहून आलेले इंजिनिअर वर्तुळात उभे राहिलेले पाहून शॉपमध्ये जी खसखस पिकली, ती मी विसरणार नाही. पण तासाभराने त्यातल्याच एकाने मला येऊन सांगितले, “अहो, तो कामगार एक पाना आणायला दर वेळी पंचवीस पावलं चालतो. दोन वर्षं मी इथं आहे, मला दिसलंच नव्हतं!” तेव्हा मला वाटले, फाटकावरचा फलक अगदीच चुकीचा नव्हता. फक्त लीन व्हायचे होते ते कोणी, हे त्यावर लिहायचे राहिले होते.

मग साहेबांनी युनियनशी बोलणी केली. ती सोपी नव्हती. युनियनचे पुढारी त्या तिघांना विसरले नव्हते. दोन महिन्यांनी एका पानाचा करार झाला. सुधारणेमुळे कोणाचे काम कमी झाले तर त्याची नोकरी जाणार नाही, त्याचा पगार कमी होणार नाही. आणि आणखी एक कलम होते, ते मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. लाइनवरून माणूस कमी करायचा तर तो सर्वांत कच्चा नव्हे, सर्वांत पक्का काढायचा आणि त्याला सुधारणा शिकवणाऱ्या तुकडीत घ्यायचे. त्यामुळे ‘कमी होणे’ ही शिक्षा राहिली नाही, बढती झाली.

तरीही दोरी काही हलेना. कागदावर विश्वास ठेवायला माणसे काय कालची असतात?

ती हलली एका महिन्याच्या २९ तारखेला. कारखान्यात काम केलेल्यांना २९ तारीख म्हणजे काय ते सांगायला नको. परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखी ती असते. डिस्पॅचची गाडी दारात उभी, फोन खणखणताहेत, आणि सकाळी दहाच्या सुमाराला लाल दिवा लागला. दोरी मामांनी ओढली होती. सारी लाइन थांबली. एवढ्या मोठ्या शॉपमध्ये अशी शांतता मी खंडेनवमीच्या पूजेखेरीज कधी अनुभवली नव्हती. थोरले साहेब जिन्यावरून उतरले. दीडशे माणसांच्या नजरा त्यांच्यावर होत्या. सुपरवायझर घाईघाईने सांगू लागला, कोणी, कशाला... साहेबांनी त्याला हातानेच थांबवले आणि मामांना विचारले, “काय झालंय?”

‘कोणी केलं?’ नव्हे, ‘काय झालंय?’

“आवाज बदललाय साहेब,” मामा म्हणाले. मशीन उघडले. हत्याराची पकड सैल झाली होती. वीस-बावीस मिनिटे गेली, गाडी उशिरा सुटली, विक्री विभागाचे साहेब फोनवर तापले; ते सारे थोरल्या साहेबांनी स्वतः ऐकून घेतले. जाताना मामांना एवढेच म्हणाले, “उद्याही शंका आली तर ओढा.” दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका लाइनवर दिवा लागला. त्या आठवड्यात तीन वेळा. दोरी सुताची नव्हतीच मुळी. ती भरवशाची होती, आणि तो भरवसा त्या बावीस मिनिटांत विणला गेला.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावची हकीकत मी पुढे वाचली आणि ती मला ओळखीची वाटली. तेथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, भांडणे, खराब गाड्या यांसाठी बदनाम झालेला. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ साली टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तोच कारखाना ‘नुम्मी’ या नावाने पुन्हा उघडला, आणि बहुसंख्य माणसे जुनीच घेतली. तीच युनियन, तीच माणसे. काही काळातच तेथल्या गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या जवळ पोचला. गाड्यांचा खप पडला तेव्हा माणसांना घरी न पाठवता शिकवण्या आणि दुरुस्तीची कामे दिली, आणि तेव्हा कामगारांचा खरा विश्वास बसला. तो कारखाना २०१० साली बंद झाला, पण त्याने एक गोष्ट कायमची सिद्ध करून ठेवली. ‘आमची माणसेच वाईट’ हे साहेब लोकांचे आवडते पालुपद खरे नसते.

यानंतर आमच्याकडे सारे सुरळीत झाले, असे लिहिले तर ते चित्रपटातले होईल. कामगारांची भीती कमी झाली तसा विरोध एक पायरी वर चढला. आमच्या एका सुपरवायझरांची ख्याती अशी, की कुठलाही भाग संपला, लाइन अडली, की ते स्कूटर काढून भोसरीला जात आणि तासाभरात पोत्यात भाग घालून आणीत. शॉपमध्ये त्यांचे स्वागत गड जिंकून आलेल्या शिलेदारासारखे होई. नव्या पद्धतीत भाग संपतच नाहीसे झाले. ते एकदा माझ्यापाशी येऊन अगदी पडेल आवाजात म्हणाले, “मग मी दिवसभर करू काय?” हसू नका. ज्याची सारी प्रतिष्ठा आग विझवण्यात आहे, त्याला आगच लागू नये असे कसे वाटावे? त्यांना नव्या पोरांना शिकवायचे काम देण्यात आले. सहा महिने ते कुरकुरले. पुढे त्यांच्या हाताखालून गेलेली पोरे त्यांना गुरुजी म्हणू लागली, तेव्हा स्कूटर विसरली गेली. पण त्यांच्यासारखे आणखी दोघे होते, ते नोकरी सोडून गेले. दर ठिकाणी गोड शेवट होत नाही.

स्टोअरवाल्यांची गोष्ट निराळी. साठा कमी करा म्हटल्यावर त्यांनी तो कमी केला नाही, लपवला! जुन्या शेडमागे, ताडपत्रीखाली, ‘अडीनडीला असू दे’ म्हणून. लुगड्याच्या पदराला चार नाणी बांधून ठेवणाऱ्या आजीचीच ही वृत्ती. माल वेळेवर आला नाही की बोलणी त्यांनीच खाल्लेली.

आणि हिशेबखाते! साठा कमी झाला त्या वर्षी आमचा कागदावरचा नफा घटला. हे कोडे मला तेव्हा हिशेबनिसांनी समजावले. विकला न गेलेला माल पुस्तकात मालमत्ता म्हणून दिसतो आणि तो बनवताना झालेला पगाराचा, विजेचा खर्च त्या मालाच्या किमतीत दडून राहतो. साठा रिकामा करू लागलो, की मागचा दडलेला खर्च चालू वर्षाच्या डोक्यावर येतो. म्हणजे घरातला पसारा आवरला म्हणून घर गरीब दिसू लागले! मुख्य कचेरीतून विचारणा आली, आणि आमचे साहेब त्या वर्षी जवळजवळ गेलेच होते. रोख पैसा हाती खेळू लागल्याचे आकडे त्यांनी पुढे ठेवले म्हणून निभावले.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत निभावली नाही, आणि ती माझ्या मनाला अजून लागून आहे. आमचा साठा कमी झाला तो काही अंशी भोसरीतल्या छोट्या कारखानदारांच्या शेडमध्ये जाऊन बसला होता. पूर्वी ते आठवड्याला माल आणीत; आता दिवसातून दोनदा आणा, अशी आज्ञा झाली. त्यांच्यातल्या एकाने मला आपली शेड दाखवली. पाय ठेवायला जागा नव्हती. “तुमची जमीन चकचकीत झाली साहेब,” तो म्हणाला, “कारण माझी भरली.” पैसे त्याला पूर्वीसारखेच तीन महिन्यांनी मिळत.

टोयोटाही साठा फार कमी ठेवत असे. १९९७ च्या १ फेब्रुवारीला तिला ब्रेकचा एक लहानसा भाग पुरवणाऱ्या आयसिन कंपनीचा कारखाना जळाला आणि टोयोटाच्या लाइनी थांबल्या. तेव्हा आसपासचे कितीतरी पुरवठादार, शिवणयंत्रे बनवणारी ब्रदर कंपनीसुद्धा, तो भाग बनवायला धावले आणि आठवड्याच्या आत गाड्या पुन्हा निघू लागल्या. तेथे साठ्याच्या जागी माणुसकीचे संबंध ठेवलेले होते. आम्ही साठा काढला आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही. आमच्याकडे आग लागली असती तर भोसरीहून कोण धावले असते, याचा विचार मी फार करीत नाही.

मामा निवृत्त झाले. शेवटची काही वर्षे ते त्या शिकवणाऱ्या तुकडीत होते. गिरणी कामगाराच्या या मुलाने आमच्या इंजिनिअरांना यंत्राचा आवाज ऐकायला शिकवले. आता ते चिपळूणच्या बाजूला असतात आणि आंब्याच्या मोसमात पेटी पाठवतात.

मी अधूनमधून जुन्या शॉपमध्ये जातो. जमीन आरशासारखी आहे, फळ्यांवर रंगीत आलेख आहेत, दोरीही आहे. माणसे मात्र बदलली आहेत. लाइनवर आता निम्म्याहून अधिक मुले ठेकेदाराची असतात. लातूर, बीड, विदर्भ, बिहार, कुठून कुठून आलेली; हुशार, चटपटीत, आणि काही महिन्यांनी बदलणारी. मामांच्या वेळचा तो एका पानाचा करार कायम कामगारांपुरता होता. तो या मुलांना लागू नाही.

गेल्या खेपेला गेलो तेव्हा असाच एक विशीतला मुलगा मामांच्या जुन्या मशिनवर उभा होता. मी बोलत असताना त्याने मान किंचित वळवली आणि कान मशिनकडे नेला. त्याला काहीतरी ऐकू आले होते, हे मला छत्तीस वर्षांच्या सवयीने कळले. त्याने वर दोरीकडे पाहिले. मग सुपरवायझरकडे. आणि पुढचा जॉब उचलून मशिनला लावला.

दोरी त्याच्या हाताला सहज पोचेल एवढीच उंच आहे. ती ओढली तर उद्या फाटकावरचा पास चालेल की नाही, एवढे त्याला कोणीतरी सांगायला हवे.